खांबाचे बूड आणि वणव्याचे दिवस

फेब्रुवारीचा मध्य येतो तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या सागाची पानगळ उरकत आलेली असते. सागाचे पान मोठे, वाळले की पापडासारखे कडक. झाडाखाली त्याचे थरच्या थर साचतात. मधल्या मोकळ्या जागेत कुसळी गवत वाळून उभे असते, आणि तिखाडी असेल तिथे तर गवतातच तेल असते. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो. याच चार महिन्यांत, याच जंगलातून ११ हजार व्होल्टच्या तारा जात असतात. केळापूर, घाटंजी, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांतले कोलाम पोड, बंजारा तांडे आणि जंगलाच्या कडेच्या विहिरी यांची वीज त्यांच्यावर अवलंबून आहे. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचे. त्याच्याभोवतीही गावे आहेत आणि गावांना वीज आहे.

त्यामुळे वणवा आणि विजेचा खांब यांची गाठ इथे पडणारच. प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो. आग खांबाचे काय करते, हा एक भाग. खांब आणि त्याच्यावरची तार जंगलाचे काय करते, हा दुसरा. जगात या विषयावर जेवढे संशोधन झाले आहे त्यातले बरेचसे लाकडी खांबांवर आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आजही वीजवाहिन्यांचा मोठा भाग लाकडावरच उभा आहे. विदर्भात मात्र महावितरणचा खांब सिमेंटचा किंवा लोखंडाचा असतो. तरीही लाकडाचा प्रश्न यवतमाळमधून गेलेला नाही. तो सरकारी लाइन संपते तिथून पुढे सुरू होतो.

भारतात तारांचा पहिला आधार लाकूड आणि बांबूच होता. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानात तारायंत्राचे प्रयोग केले ते बांबूंवर तार ताणून. पुढे १८५० च्या दशकात देशभर तारेच्या लाइनी पडल्या आणि वाळवीने लाकडाचा फडशा पाडायला सुरुवात केली. विदर्भात तिला उधई म्हणतात. लोखंडी खांब आले त्याचे एक मोठे कारण ही उधईच. लाकूड टिकवण्याचा सर्वांत प्रभावी उपायही याच देशात सापडला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण तयार केले. ते दाबाखाली लाकडात मुरवले की बुरशी आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. पुढची कित्येक दशके जगभरातले लाकडी खांब या हिरवट मिश्रणात भिजून उभे राहिले. भारतीय मानक संस्थेने लाकडी खांबांसाठी आयएस ८७६ हे मानकही केले. काश्मीरच्या डोंगराळ भागात लाकडी खांब अजून दिसतात. महाराष्ट्रात १९६० मध्ये वीज मंडळ स्थापन झाले, १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आले, आणि खेड्यापाड्यांत वीज नेण्याचा वेग वाढत गेला तसा पूर्वताणित सिमेंटचा खांब सर्वत्र रुजला.

लाकूड आगीत कसे वागते हे नीट समजून घेतले तर उपाय आपोआप दिसू लागतात. लाकूड साधारण ३०० अंशांच्या आसपास पेट घेते, पण जाड खांब एकदम जळत नाही. बाहेरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. कोळशाचा थर मिनिटाला पाऊण मिलिमीटरहूनही कमी वेगाने आत सरकतो. गवताचा वणवा एका जागी मिनिट-दोन मिनिटेच टिकतो. तेवढ्या वेळात धडधाकट खांबाचा फक्त वरचा थर काळा पडतो. मग खांब पडतात कशाने? बुडाशी साचलेल्या पाल्याने, बुडाला गेलेल्या उभ्या भेगेने, उधईने पोखरलेल्या पोकळीने. भेगेत निखारा शिरला की तिथे वारा खेळतो आणि खांब आतून जळू लागतो. कामेशम यांच्या मिश्रणाचा इथे एक तोटाही आहे. तांबे आणि क्रोमियम यांच्यामुळे कोळसा धुमसत राहतो. ज्वाला विझून वणवा पुढे निघून जातो, लोक घरी जातात, आणि काही तासांनी खांब बुडातून तुटून तारांसकट खाली येतो. शिवाय त्या राखेत आर्सेनिक असते. ती उघड्या हाताने चाळवू नये आणि तिथे गुरेही चरू देऊ नयेत.

ऑस्ट्रेलियाला याचा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर आला. २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागाला वीज देणाऱ्या एसेन्शियल एनर्जी या कंपनीचे तीन हजारांहून अधिक खांब जळाले. त्यानंतर तिथे काचतंतूंच्या खांबांकडे कल वाढला. जिथे लाकूडच ठेवायचे तिथे दोन उपाय रूढ झाले आहेत. एक म्हणजे उष्णता लागताच फुगणारा रंग. तो फुगून लाकडावर फेसासारखा थर धरतो. दुसरा उपाय जस्ती जाळीचा आहे. जाळीवर तसाच फुगणारा लेप असतो आणि ती खांबाच्या बुडापासून माणसाच्या उंचीच्या वरपर्यंत गुंडाळतात. एरवी जाळीतून हवा खेळत राहते, त्यामुळे लाकूड कुजत नाही. आगीत जाळीची भोके बुजतात. कॅलिफोर्नियाच्या वीज कंपन्यांनी अशा जाळ्या मोठ्या संख्येने लावल्या आहेत. पण त्याच राज्यातला सर्वांत साधा नियम त्याहून जुना आहे. ज्या खांबावर ठिणगी पडू शकेल अशी उपकरणे आहेत, त्याच्या बुडाभोवती दहा फूट त्रिज्येत जळण्यासारखे काही ठेवायचे नाही, असे तिथला कायदा सांगतो. त्याला यंत्र लागत नाही, परदेशी लेपही लागत नाही. विळा आणि फावडे पुरते.

दुसऱ्या बाजूची उदाहरणे जास्त भयानक आहेत. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी १७३ माणसे गेली. त्या दिवशीची सर्वांत घातक आग किल्मोर ईस्ट इथे तुटलेल्या वीजतारेतून लागली होती. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातले पॅराडाइज हे गाव भस्म झाले आणि ८५ जण दगावले. तिथे खांब लाकडाचा नव्हता, पोलादी मनोरा होता. त्यावरचा झिजलेला आकडा तुटला आणि तार खाली आली. २६ फेब्रुवारी २०२४ ला टेक्सासमध्ये दहा लाख एकरांहून जास्त जमीन जाळणारी आग लागली. कुजलेला लाकडी खांब मोडल्याने ती लागली, असे तिथल्या विधिमंडळाच्या चौकशी समितीने नमूद केले. लाकूड, पोलाद, तार, तिन्ही ठिकाणी वस्तू निराळी आहे. दोष मात्र तिन्ही ठिकाणी डोळ्यांनी पाहून, वर चढून, हाताने तपासून कळण्यासारखा होता.

आता यवतमाळचा सिमेंटचा खांब. तो पेटत नाही म्हणून त्याला वणव्याचे भय नाही, ही समजूत पसरलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. ११ केव्ही लाइनचा नऊ मीटरचा खांब दीड मीटर जमिनीत असतो. त्याच्या पोटात ताणून बसवलेल्या बारीक पोलादी तारा असतात आणि खांबाचे सगळे बळ त्या ताणात असते. सुमारे ४०० अंशांच्या पुढे या तारांचे बळ निम्म्याच्या आसपास येते. गवताच्या वणव्यात खांबाच्या आत एवढी उष्णता पोचत नाही. पण शेताच्या धुऱ्यावर जी आग असते ती गवताची नसते.

कापसाच्या या जिल्ह्यात वेचण्या संपल्या की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचतात. तुराट्याही तिथेच येतात. शेताच्या मध्ये वखर फिरवायचा असतो, म्हणून ढीग कडेला. विजेचा खांबही कडेलाच, कारण लाइन टाकताना शेतकऱ्याने तो धुऱ्यावर घ्यायला लावलेला असतो. अशा रीतीने वर्षभराचे जळण खांबाच्या बुडाशी येऊन बसते. एप्रिल-मे महिन्यांत धुरे पेटवले जातात. पऱ्हाटीचा ढीग तासन्‌तास धगधगतो. सिमेंटमधल्या ओलाव्याची वाफ होते, वरचा थर फुटून ढलप्या निघतात आणि आतल्या तारा उघड्या पडतात. खांब त्या दिवशी उभाच राहतो. म्हणून कोणी तक्रार करत नाही. मग पावसाळ्यात उघड्या तारांना गंज चढतो आणि वादळात खांब बुडातून मोडतो. नोंद होते ती वादळाने पडल्याची. खांब मोडण्याचे खरे कारण शोधायचे तर मोडलेल्या बुडाचा रंग पाहायला हवा. त्यावर काजळी आहे का, काँक्रीट गुलाबी पडले आहे का, ढलप्या जुन्या आहेत का, एवढे लाइनमनने लिहून ठेवले तरी दोन वर्षांत जिल्ह्याचे चित्र हाती येईल.

लोखंडी खांब पेटत्या ढिगाशेजारी वाकू शकतो, कारण साडेपाचशे अंशांच्या आसपास साध्या पोलादाचेही बळ निम्मे होते. पण अशी वेळ क्वचित येते. तिथे जास्त काळजी ताण-तारेची आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगची घ्यायला हवी.

मग लाकूड कुठे आहे? डीपीपासून विहिरीपर्यंत. कितीतरी शेतांत मोटरपंपाची वायर बल्ल्यांवरून नेलेली दिसते. कुठे सागाची बल्ली, कुठे बाभळीचा सरळसा दांडा, कुठे दोन बांबू एकत्र बांधलेले. ती महावितरणच्या नकाशात नसते आणि कोणत्याही मानकात बसत नाही. शेतकऱ्याला कनेक्शन मिळते पण सगळे खांब मिळत नाहीत, किंवा विहीर पुढे सरकते आणि खांब मागे राहतो. तेव्हा तो स्वतःची लाइन उभी करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण धुरा पेटला की सगळ्यात आधी हीच बल्ली जळते. पीव्हीसीचे आवरण वितळते आणि चालू वायर गवतात पडते. आग विझवायला धावणाऱ्या माणसाचा जीव तिथे जातो, अशी भीती असते.

या बल्लीसाठी परदेशी जाळी मागवायची गरज नाही. लाकूड उभे करण्याआधी साल पूर्ण काढावी, कारण सालीखाली उधई राहते आणि सुकी साल पटकन पेट घेते. भेगा गेलेला दांडा वापरू नये. बुडाशी दीड-दोन हात उंचीपर्यंत जुन्या टिनाचा पत्रा गुंडाळता येतो. मात्र तो लाकडाला घट्ट चिकटवू नये, मध्ये बोटभर जागा ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून लाकूड आतून कुजते. भोवती चार पावलांची जागा वखरून काढावी. आणि शक्य असेल तिथे बल्ली काढून खांबच मागावा. शेतातल्या लाइनसाठी जमिनीपासून तारेची किमान उंची नियमाने ठरलेली आहे. ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेसाठी, रस्ता सोडून इतर ठिकाणी, ती ४.६ मीटर आहे. बल्लीवरची वायर बहुधा तिच्या जवळपासही नसते.

खांबाइतकीच तारही पाहायला हवी. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अॅल्युमिनियम उष्णतेने लांबते आणि तारांना झोल पडतो. दुपारी वारा सुटला की दोन तारा एकमेकींना लागतात आणि वितळलेल्या अॅल्युमिनियमचे थेंब खाली पडतात. खाली सागाचा पाला असेल तर वणव्याला आणखी काही लागत नाही. उमरखेड-पुसद भागातल्या ऊस पट्ट्यात हे दुःख शेतकऱ्यांना चांगले माहीत आहे. तिथे लोंबकळणाऱ्या तारांखाली उभा ऊस पेटतो. आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. मोठा जाळ नसला तरी दाट धूर आणि राख तारांमधल्या हवेची रोधक शक्ती कमी करतात. उच्चदाबाच्या लाइनवर धुरातूनच ठिणगी उडू शकते. म्हणून लाइनखाली वणवा चालू असताना पुरवठा बंद करणे हे विझवणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी पहिले काम आहे. ते फोनवर पाच मिनिटांत व्हायला हवे. त्यासाठी वनरक्षकाच्या मोबाइलमध्ये जवळच्या ३३ केव्ही उपकेंद्राचा नंबर असला पाहिजे.

इथे वेळापत्रकाचा मुद्दा येतो, आणि या सगळ्या विषयातला तोच कळीचा आहे. महावितरणची देखभाल मान्सूनपूर्व असते. एप्रिल-मेमध्ये फांद्या छाटल्या जातात, झोल काढले जातात, डीपीचे तेल पाहिले जाते. पावसाळी वादळासाठी ही वेळ बरोबर आहे. वणव्यासाठी मात्र ती दोन महिने उशिराची आहे. त्यातही छाटलेल्या फांद्या लाइनखालीच राहिल्या, तर त्या मे महिन्यात उत्तम जळण होतात. यवतमाळ, पुसद आणि पांढरकवडा या तीन वन विभागांतून जाणाऱ्या लाइनींचे काम जानेवारीत उरकायला हवे. छाटलेला माल उचलून न्यायला हवा किंवा वन विभागाच्या देखरेखीखाली हंगामापूर्वीच जाळायला हवा. सगळ्या जिल्ह्याचे वेळापत्रक बदलायची गरज नाही. जंगलातला भाग तेवढा पुढे आणायचा.

वन विभागाकडे त्याचे हत्यार आधीपासून आहे. जाळरेषा. हंगामाआधी जंगलात ठरावीक रुंदीच्या पट्ट्यांतले गवत-पाला जाळून किंवा काढून टाकतात, म्हणजे आग एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जात नाही. वीजवाहिनीसाठी वनजमीन देताना केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी तिची रुंदी ठरवली आहे. ११ केव्हीसाठी ७ मीटर, ३३ केव्हीसाठी १५ मीटर, १३२ केव्हीसाठी २७ मीटर. म्हणजे जंगलातून जाणारी प्रत्येक लाइन ही आयती पट्टी आहे. ती साफ ठेवली तर जाळरेषा होते. ती घाणेरीने आणि गवताने भरली तर आग वाहून नेणारा रस्ता होतो, कारण झाडे तोडल्याने तिथे ऊन भरपूर पडते आणि गवत सगळ्यात जास्त तिथेच माजते. जाळरेषांच्या आराखड्यात लाइनची पट्टी धरायची आणि तिथे आग न लावता गवत कापून काढायचे, हा निर्णय एका बैठकीत होण्यासारखा आहे. एक काळजी मात्र घ्यावी लागेल. खांबाच्या बुडाशी जाळरेषा जाळायची नाही.

बहुतेक वणवे माणूस लावतो, वीज नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणून आग लावतात. वीजवाहिन्यांचा वाटा त्या मानाने थोडा. पण ज्या लोकांच्या हातून आग लागते त्यांच्याच पोडाची वीज त्या आगीत जाते. मोहाखाली जाळी अंथरली तर पाला जाळावा लागत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणे थांबवले. छाटणी आणि आगी ही त्यामागची कारणे होती. त्यांनी उत्पन्नाचा मोठा स्रोत सोडला. प्रत्येक गावाला ते परवडणार नाही, आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नाही. पण लाइनच्या पट्टीतले गवत काढण्याची मजुरी ग्रामसभेला दिली, तर तिला खांबाची राखण करण्याचे कारण मिळते.

आगीची खबर आता लवकर लागते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या नोंदींवरून आगी टिपते. पुढे आलेल्या दुसऱ्या संवेदकाने ३७५ मीटरपर्यंतचा तपशील मिळू लागला. नोंदणी केलेल्या कोणालाही मोबाइलवर संदेश येतो. हे संदेश महावितरणच्या उपविभागीय अभियंत्यानेही घ्यावेत. वणवा कोणत्या फीडरच्या दिशेने सरकतो आहे हे त्याला नकाशावर कळले, तर खांब जळाल्यानंतर धावण्याऐवजी तो आधी पोचू शकेल.

काही वीज कंपन्या कडक उन्हाच्या, वाऱ्याच्या दिवशी लाइनच बंद ठेवतात. कॅलिफोर्नियात २०१९ च्या ऑक्टोबरात लाखो घरे अशी अंधारात राहिली. यवतमाळमध्ये हे करू नये. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे दिवसाची वीज मागितली ती रात्री ओलिताला जाताना साप, रानडुक्कर आणि वाघ यांची भीती होती म्हणून. सौर कृषी वाहिनीमुळे ती मागणी आता कुठे पुरी होऊ लागली आहे. दुपार हीच वणव्याची वेळ आणि दुपार हीच सौर विजेची वेळ, ही अडचण खरी आहे. पण तिचा भार शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. त्यापेक्षा जंगलालगतच्या फीडरवर दोष आल्यावर लाइन आपोआप पुन्हा चालू होण्याची सोय हंगामापुरती बंद ठेवावी. दोष आला की लाइनमनने लाइन पाहावी आणि मगच चालू करावी. त्यात थोडा वेळ जातो, पण खाली पडलेल्या तारेत पुन्हा वीज सोडली जात नाही.

नव्या लाइनींच्या बाबतीत मात्र सुरुवातीलाच योग्य निवड करता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या वस्त्यांना वीज देण्याचे काम आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे गावासाठीच्या वीजवाहिनीला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. अशा ठिकाणी उघड्या तारांऐवजी आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या केबल टाकाव्यात. त्या एकमेकींना लागून ठिणगी पडत नाही. रानडुकरांसाठी लाइनवर आकडा टाकून सापळा लावणाऱ्यांचे कामही त्याने अवघड होते, आणि अशा सापळ्यांत विदर्भातले वाघही मेले आहेत. जिथे दहा-वीस घरांच्या पोडासाठी दाट सागवनातून चार-पाच किलोमीटर लाइन न्यावी लागेल, तिथे सौर संच आणि बॅटरी हा पर्याय आधी तपासावा. तिथे जळायला खांबच नसतो, आणि संच नीट चालावा म्हणून त्याची देखभाल करणारा माणूस पोडातलाच तयार करावा लागतो.